आजीचे गुडघे, नातवाची घाई आणि निलगिरी

म्हैसूरच्या शाळांना दसऱ्याची ऐसपैस सुट्टी लागते, तेव्हा कोल्हापूर-पुण्याकडची मुलं सहामाहीच्या अभ्यासाला बसलेली असतात. तिकडे दिवाळीची सुट्टी सुरू होते, तेव्हा म्हैसूरची मुलं दप्तर पाठीला लावून शाळेच्या बसची वाट बघत असतात. कर्नाटकात शाळा जूनच्या तोंडावरच उघडतात, महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर. दोन राज्यांत विखुरलेल्या मराठी कुटुंबाने सगळ्यांनी मिळून डोंगरात जायचं ठरवलं, तर पहिली अडचण येते ती ही. पैसा, गाडी, हॉटेल या गोष्टी पुढच्या. कॅलेंडर मांडीवर घेऊन दोन्हीकडच्या सुट्ट्या पेन्सिलीने खुणावल्या, तर हाती जेमतेम दोन तुकडे लागतात: एप्रिलअखेरपासून मेचा बराचसा भाग, आणि नाताळाच्या आसपासचे चार-दोन दिवस, तेही शाळेच्या मर्जीवर.

मेटगळ्ळीतल्या मराठी घरांना हे गणित चांगलं ठाऊक आहे. म्हैसूरच्या वायव्येला, केआरएस रस्त्याला लागून असलेली ही वस्ती औद्योगिक. इथे टायरचा कारखाना आहे, नोटांचा छापखाना आहे, लहानमोठे कारखाने आहेत आणि शेजारच्या हेब्बाळला इन्फोसिसचा अवाढव्य परिसर. अशा ठिकाणी देशभरातून माणसं नोकरीनिमित्त येतात. मुलगा-सून इथे, आई-वडील सांगलीला किंवा बेळगावला, बहीण पुण्यात, असा संसार इथे नवलाचा नाही. मे महिन्यात आजी-आजोबा येतात, मागोमाग आत्या तिच्या मुलांना घेऊन येते. दादरहून सुटणारी शरावती एक्स्प्रेस पुणे-मिरजेची माणसं थेट म्हैसूरला आणून सोडते. पहिले दोन दिवस राजवाडा, प्राणिसंग्रहालय आणि वृंदावन गार्डन यांत जातात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘आता कुठेतरी थंड हवेला जाऊ या.’

आणि म्हैसूरइतकी सोयीची जागा यासाठी शोधून सापडणार नाही. शहर मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटरवर आहे आणि जवळजवळ सगळीकडे डोंगर. पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरच्या आत कोडगूचं मडिकेरी. दक्षिणेला तेवढ्याच अंतरावर निलगिरीतली उटी. आग्नेयेला बिळिगिरिरंगन डोंगर, वायव्येला चिक्कमगळूर, नैर्ऋत्येला वायनाड. सकाळी निघालं की दुपारचं जेवण डोंगरात. मुंबई-पुण्याच्या पर्यटकाला जे दोन दिवसांचं जाणं-येणं पडतं, ते मेटगळ्ळीच्या घराला अर्ध्या दिवसात उरकतं.

तरीही अशा सहली फसतात, आणि अंतरामुळे फसत नाहीत. फसतात त्या ‘पॉइंट’मुळे. मराठी पर्यटकाला पॉइंट मोजायची जुनी सवय आहे. महाबळेश्वरला गेलं की विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट, लॉडविक पॉइंट. माथेरानला तर पॉइंटांची यादीच घोडेवाला म्हणून दाखवतो. उटीतही टॅक्सीवाले छापील कार्ड हातात देतात आणि त्यावर एका दिवसात सात-आठ ठिकाणं असतात. पस्तिशीतल्या माणसाला ही यादी पैसे वसूल झाल्यासारखी वाटते. बहात्तर वर्षांच्या आजींना मात्र प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचं, चढण चढायची, उभं राहायचं आणि परत गाडीत शिरायचं असतं. टेंपो ट्रॅव्हलरची उंच पायरी दिवसातून सोळा वेळा चढणं-उतरणं हाच खरा ट्रेक असतो, आणि चौथ्या ठिकाणी त्या म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसते.’ हे वाक्य ऐकू आलं की सहलीची आखणी चुकली, असं खुशाल समजावं.

पर्यटनाच्या धंद्याने यावर एक उत्तर शोधलं, ते म्हणजे वयानुसार वाटणी. केसरी टूर्सची सुरुवात १९८४ची, वीणा वर्ल्डची २०१३ची. मराठी मध्यमवर्गाला टूर मॅनेजरच्या मागे जग दाखवण्यात या कंपन्यांचा वाटा मोठा आहे. फक्त महिलांसाठी सहली, फक्त ज्येष्ठांसाठी सहली, नवविवाहितांसाठी सहली असे त्यांचे वेगवेगळे प्रकार लोकप्रिय झाले, कारण त्यांत प्रत्येकाला आपल्या वेगाचे सोबती मिळतात. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. पण आजोबा ज्येष्ठांच्या बसमध्ये आणि नातू शाळेच्या शिबिरात, असं झालं की दोघांनी मिळून धुकं बघायचं राहूनच जातं. तीन पिढ्यांची सहल घरच्यांनाच आखावी लागते, आणि तिचे नियम वेगळे असतात.

त्यातला पहिला नियम, तालीम. मेटगळ्ळीकरांना ती घरबसल्या करता येते, कारण चामुंडी टेकडी शहरातच आहे. उंची हजार मीटरच्या थोडी वर, वर जायला हजाराहून अधिक पायऱ्या आणि शिवाय थेट देवळापर्यंत डांबरी रस्ता. शहर बस वर जाते. सहलीच्या आठवडाभर आधी एका सकाळी तरुण मंडळींनी पायऱ्यांनी जावं आणि बाकीच्यांनी बसने. देवीचं दर्शन घेऊन नंदीपर्यंतच्या पायऱ्या सगळ्यांनी मिळून उतरून बघाव्यात. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वाडियार यांच्या काळात एकाच दगडातून घडवलेला हा नंदी सुमारे पाच मीटर उंच आहे आणि देवळापासून खाली तीनेकशे पायऱ्यांवर बसला आहे. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात. नंदीपाशी पोहोचेपर्यंत कुणाला काठी लागेल, कुणाला धाप लागते, कोण ‘मला काही होत नाही’ म्हणत रेलिंग घट्ट धरून चालतो, हे सगळं समजतं. नंदीपाशी रस्ताही आहे, त्यामुळे ज्यांना पुरे झालं त्यांना तिथून गाडीत बसवता येतं. डॉक्टरांच्या दाखल्यापेक्षा ही सकाळ अधिक खरं सांगते.

दुसरा प्रश्न, जायचं कुठे. एका दिवसात परत यायचं असेल, तर हिमवद गोपालस्वामी बेट्ट हे ज्येष्ठांसाठी फार सोयीचं ठिकाण. गुंडलुपेटच्या पुढे, बंडीपूर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, १,४५४ मीटर उंचीवर वेणुगोपालाचं जुनं देऊळ आहे. खासगी गाड्या पायथ्याशीच थांबवतात आणि वर केएसआरटीसीची बस नेते. पार्किंगची भांडणं नाहीत, चढण नाही, आणि वर पोहोचल्यावर चारी बाजूंना गवताळ टेकड्या. सकाळी बऱ्याचदा ढग देवळाच्या अंगणात उतरलेले असतात. कधी दूरच्या उतारावर हत्ती दिसतात. मुलांना याहून जास्त काही नको असतं.

दोन-तीन मुक्काम करायचे, तर कोडगू आणि निलगिरी असे दोन सरळ पर्याय. कोडगूत कॉफीच्या मळ्यातले होमस्टे आहेत, जेवण घरचं, आणि वाटेत बैलकुप्पेची तिबेटी वसाहत व तिथलं नामद्रोलिंग मठाचं सोनेरी मंदिर. शिवाय तीन पिढ्यांच्या सहलीला शोभेल असा एक तमाशाही तिथे असतो. कोडवा समाजात एका मूळपुरुषाच्या कुळाला ‘ओक्क’ म्हणतात आणि कुळाच्या वाड्याला ‘ऐनमने’. १९९७ पासून एप्रिल-मेच्या सुमारास या कुळांची हॉकी स्पर्धा भरते. संघ कुळाचा असतो, त्यामुळे एकाच संघात आजोबा, सून आणि शाळकरी नात खेळताना दिसतात. २०२४ साली नापोक्लूला ३६० कुळांचे संघ उतरले होते. आपल्याकडे लग्नात वऱ्हाडाच्या क्रिकेटला जो जोर चढतो, त्याच्या शंभरपट जोर इथे असतो. स्पर्धेचं गाव दर वर्षी बदलतं, तेव्हा जाण्याआधी चौकशी करावी. पावसाळ्यात मात्र कोडगूला म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन जाऊ नये. जळवा ही त्यातली किरकोळ अडचण. ऑगस्ट २०१८मध्ये कोसळलेल्या दरडी तिथे अजून विसरल्या गेलेल्या नाहीत, आणि ३० जुलै २०२४च्या पहाटे वायनाडमधल्या मुंडक्काई-चूरलमलाला जे झालं ते सगळ्या देशाने पाहिलं.

तरी पहिल्याच मोठ्या सहलीसाठी निलगिरी निवडावी, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. कारण एकच: तिथे आगगाडी आहे. डोंगर बघायला चालावं लागत नाही, बसल्या जागी तो खिडकीतून सरकत जातो.

म्हैसूरहून उटीचा रस्ता नंजनगूड, गुंडलुपेट, बंडीपूर, मुदुमलै असा जातो. मेटगळ्ळीहून निघताना शहरात शिरण्याऐवजी बाहेरच्या रिंग रोडने वळसा घालून नंजनगूड रस्ता पकडला की अर्धा तास वाचतो. माणसं नऊ-दहाच्या वर असतील तर कर्नाटकात ज्याला सगळे नुसतं ‘टीटी’ म्हणतात ती टेंपो ट्रॅव्हलर बरी. दोन मोटारी केल्या की पहिल्या तासातच त्या एकमेकींना फोन करायला लागतात. गाडी ठरवताना तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: तामिळनाडूचा प्रवेशकर भाड्यात धरला आहे का, चालकाचा बत्ता आणि मुक्काम कुणाकडे, आणि चालक पूर्वी घाटात गेलेला आहे का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि बहुतेक कुटुंबं तो विचारत नाहीत.

गुंडलुपेटला थांबायचंच, कुणाला गरज असो वा नसो. पुढे बंडीपूर आणि मुदुमलैच्या जंगलात गाडी थांबवायला मनाई आहे, आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्या लघवी वाढवतात, त्या घेणाऱ्या माणसाला हा सलग टप्पा जड जातो. अशा माणसांनी सकाळची ती गोळी मुक्कामाला पोहोचून घेतली तर चालेल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. परस्पर ठरवू नये. बंडीपूरचा रस्ता २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांसाठी बंद असतो. म्हणजे ‘पहाटे चारला निघू, रस्ते मोकळे मिळतील’ हा काकांचा आवडता बेत इथे कामाचा नाही. सकाळी साडेसहाला मेटगळ्ळी सोडावं, नंजनगूडला इडली-वडा खावा आणि आठच्या पुढे जंगलात शिरावं. हरणं हमखास दिसतात, नशीब असेल तर हत्ती.

मुदुमलैत तेप्पकाडू इथे हत्तींची सरकारी छावणी आहे. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटाला २०२३ साली ऑस्कर मिळालं, त्यातले बोम्मन, बेळ्ळी आणि रघू नावाचं हत्तीचं पिल्लू इथलेच. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी हत्तींना खाऊ घालतात. रागी-भाताचे मोठाले गोळे माहूत हत्तीच्या तोंडात सरळ हाताने भरवतो, ते बघताना दोन वर्षांचं पोर आणि ऐंशी वर्षांचे आजोबा सारख्याच आ वासलेल्या तोंडाने उभे असतात.

तेप्पकाडूला रस्ता फुटतो. डावीकडे मसिनगुडीवरून कळहट्टी घाट: जवळचा, पण ३६ तीव्र वळणांचा आणि कमालीचा उभा. उजवीकडे गुडलूर-पायकारा: तीसएक किलोमीटर लांब, पण चढ सावकाश. अपघातांमुळे कळहट्टीने उतरायला बाहेरच्या गाड्यांना सोडत नाहीत; चढायला जाता येतं. पण कुटुंब मोठं असेल तर जातानाही गुडलूरचाच रस्ता धरावा. वाचलेला पाऊण तास पोटातलं उलटून टाकण्यात जातो.

गाडी लागणं हा विनोदाचा विषय केला जातो, पण त्यामागे साधं शास्त्र आहे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला कळवते की शरीर वळतंय, आणि मोबाइलकडे लागलेले डोळे कळवतात की सगळं स्थिर आहे. या दोन बातम्यांच्या गोंधळात मळमळ सुरू होते. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. म्हणून घाट सुरू व्हायच्या आधी मोबाइल काढून घ्यावा, मुलांना पुढच्या जागा द्याव्यात आणि लांबवर बघायला लावावं. पोट रिकामंही नको आणि तट्टही नको. आलेपाक, लिंबाची फोड, आवळासुपारी यांनी बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी द्यायची तर निघण्याआधी तासभर, आणि वृद्धांना देताना जपून, कारण या गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत बाथरूममध्ये पाय घसरतो. सहलीतले मोठे अपघात दरीत कमी आणि हॉटेलच्या ओल्या फरशीवर जास्त होतात.

उटी २,२४० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे उटीच्या बाजारात भाजी घेणारी बाई कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ सहाशे मीटर वर उभी असते. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी येतो. मुलांना हे समजावायला वेफर्सचं पाकीट पुरतं: मेटगळ्ळीच्या दुकानात मऊ वाटणारं पाकीट उटीला टम्म फुगतं. पाणीही इथे ९२-९३ अंशांनाच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजवायला बसलं तर ती शिजता शिजत नाही. स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घेणाऱ्यांनी कुकर आहे का, हे आधी विचारलेलं बरं.

या उंचीवर धडधाकट माणसाला सहसा त्रास होत नाही. उंचीचा आजार बहुधा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. पण हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी पहिल्या दिवशी काहीही न करता बसून राहावं, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. याच कारणासाठी तीन पिढ्यांची पहिली सहल थेट लेह किंवा केदारनाथला नेऊ नये. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, केदारनाथ त्याच्याही थोडं वर, आणि विमानाने तासा-दोन तासांत लेहला उतरलेल्या शरीराला सवय करून घ्यायला वेळच मिळत नाही. नवसाची यात्रा असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘सगळ्यांनी मजा करू’ म्हणून जायचं, तर दोन हजारांच्या आसपासचे डोंगर भरपूर आहेत.

मुक्काम एकच ठेवावा. दर रात्री हॉटेल बदलणाऱ्या सहलीत निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि चष्मा शोधण्यात जातो. उटीत गर्दी सोसत नसेल तर कुन्नूर निवडावं. ते साडेतीनशे-चारशे मीटर खाली असल्याने थंडी थोडी कमी आणि गोंगाट बराच कमी. खोली ठरवताना छायाचित्रातला देखावा बघून भुलू नये. डोंगरातली हॉटेलं उतारावर बांधलेली असतात आणि सर्वांत सुंदर देखाव्याची खोली बहुतेक वेळा चाळीस पायऱ्या खाली असते. फोन करून विचारायचे प्रश्न असे: गाडी दारापर्यंत येते का, तळमजल्यावर खोली आहे का, कमोड पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का, त्याच्या शेजारी धरायला काही आहे का, गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी, जादा पांघरुणं आणि हीटर मिळतो का. मे महिन्यातही रात्री स्वेटर लागतो, आणि नाताळाच्या सुमारास तर काही पहाटे गवतावर दहिवर गोठून पांढरं पडलेलं असतं.

आता आगगाडी. निलगिरी माउंटन रेल्वे मेट्टुपाळयमहून सुटते. १८९९ला ती कुन्नूरपर्यंत आली आणि १९०८ला उटीपर्यंत पोहोचली. म्हणजे आपल्या नेरळ-माथेरान गाडीची जवळजवळ समवयस्क. ४६ किलोमीटरच्या या मार्गाला २००५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. कल्लार ते कुन्नूरच्या चढावर रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि इंजिनाची दातेरी चाकं तिच्यात अडकवत गाडी वर चढते, कारण बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जाणारा हा चढ साध्या चाकांना पेलत नाही. चढायला पाच तासांच्या जवळपास लागतात. म्हैसूरहून येणाऱ्यांना मात्र मेट्टुपाळयमपर्यंत डोंगर उतरून जावं लागतं आणि भल्या सकाळी गाडी पकडावी लागते, तेव्हा लहान मुलं नि वृद्ध असतील तर उटी ते कुन्नूर हा एकोणीसएक किलोमीटरचा तुकडा पुरे. तासाभराचा प्रवास, डिझेल इंजिन, पण चहाचे मळे, निलगिरीची झाडं, बोगदे आणि केत्तीची दरी सगळं त्यात येतं. गाडी केत्तीला थांबली की साठीच्या पुढच्यांना सांगावं, ‘सदमा’चा शेवटचा प्रसंग याच फलाटावर चित्रित झाला. चाळिशीतल्यांना ‘दिल से’तल्या आगगाडीच्या टपावरच्या नाचाची आठवण करून द्यावी, तो याच रेल्वेवरचा. नातवंडांना या दोन्हींचं काही वाटत नाही. त्यांना बोगद्यात शिरताच सगळ्या डब्याने मिळून ओरडायचं असतं, आणि एकदा आजींनी सुरुवात केली की मग कुणालाच धरबंध राहत नाही.

ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांनी परतीला आगगाडीचा आग्रह धरू नये. टीटी कुन्नूरला बोलावून ठेवावी.

दुसरा दिवस उटीतल्या सरकारी वनस्पती उद्यानाचा. १८४७-४८च्या सुमाराला आखलेली ही बाग सुमारे २२ हेक्टरांची आणि उतारावर टप्प्याटप्प्याने वर गेलेली आहे. खालचा भाग सपाट, हिरवळ आणि बाकं असलेला. वरच्या टोकाला तोडा या मूळ रहिवाशांची छोटी वस्ती, त्यांची अर्ध्या पिंपासारखी घरं. इथे कुटुंबाने खुशाल फुटावं. आजोबांनी बाकावर वर्तमानपत्र उघडावं, आजींनी फुलांची नावं विचारत माळ्याशी खुणांनी बोलावं, तरुणांनी मुलांना घेऊन तोडा वस्तीपर्यंत चढून जावं. दीड तासाने ठरलेल्या झाडाखाली भेटायचं. सगळ्यांनी सगळं मिळून केलंच पाहिजे, या हट्टाने जितक्या सहली नासल्या तितक्या पावसाने नासल्या नसतील. एकत्र असावं ते जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी. पत्ते, दूरचित्रवाणी बंद, आणि ‘तुझ्या बाबांनी लहानपणी काय केलं होतं माहिती आहे का’ या मथळ्याखाली आजोबांचं भाषण.

दोड्डाबेट्टा हे २,६३७ मीटर उंचीचं निलगिरीतलं सर्वोच्च शिखर आहे आणि वाहन जवळजवळ माथ्यापर्यंत जातं. तिथे सकाळी लवकर जाऊन अर्ध्या तासात परत यावं. धुकं आलं तर काही दिसत नाही. तेव्हा भाजलेलं कणीस खाऊन परतण्यात कमीपणा नाही. बाकीचे पॉइंट सोडून द्यावेत.

खर्चाचं बोलणं आपल्याकडे शेवटी आणि दबक्या आवाजात होतं. ते आधीच व्हायला हवं. आजोबांना पैसे द्यायचेच असतात. त्यांना एक जेवण किंवा आगगाडीची तिकिटं देऊ द्यावीत, उरलेलं मुलांनी आपसांत वाटून घ्यावं आणि एकाने मोबाइलवर हिशेब ठेवावा. नोकरदारांनी प्रवासभत्त्याची सवलत विसरू नये. आयकराच्या जुन्या पद्धतीत राहणाऱ्यांना चार कॅलेंडर वर्षांत दोनदा भारतातल्या प्रवासभाड्यावर सूट मिळते, आणि तिच्यात अवलंबून असलेले आई-वडीलही धरता येतात. हॉटेल आणि जेवण त्यात येत नाही.

तिकिटांच्या सवलतींची तर वेगळीच करमणूक आहे. ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून राज्यात कुठेही फुकट जाता येतं. म्हणजे मेटगळ्ळीचा पत्ता असलेली सून मडिकेरीला मोफत जाते आणि शेजारच्या सीटवरची कोल्हापूरची नणंद पूर्ण तिकीट काढते. नणंद आपल्या एसटीत अर्ध्या तिकिटावर फिरते, पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा तिथे मोफत, पण तो हक्क राज्याच्या सीमेवर संपतो. उटीला जाणारी बस आंतरराज्य असल्याने तिथे सूनबाईंचाही हक्क चालत नाही. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली, ती आजोबांनी अजून माफ केलेली नाही.

निलगिरीला खासगी वाहनाने जायचं तर ई-पास लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ही पद्धत सुरू झाली, आणि २०२५च्या उन्हाळी हंगामात सोमवार ते शुक्रवार दिवसाला ६,००० व शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा घातली गेली. पास मोफत आहे, तामिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावरून काढता येतो. सरकारी बसने जाणाऱ्यांना तो लागत नाही. भाड्याच्या गाडीचा पास चालक काढतो असं गृहीत धरू नये, निघण्याच्या आदल्या दिवशी डोळ्यांनी बघावा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांना जिल्ह्यात बंदी आहे आणि चेकनाक्यावर गाडी तपासतात, म्हणून प्रत्येकाची स्टीलची बाटली हवी. मे महिन्यात वनस्पती उद्यानात पुष्पप्रदर्शन भरतं. ते बघण्यासारखं असतं, पण त्या आठवड्यात उटीच्या रस्त्यांवर गाडी मुंगीच्या पावलाने चालते. वृद्ध सोबत असतील तर ते दिवस टाळून मेच्या पहिल्या आठवड्यातले सोमवार ते गुरुवार धरावेत.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मेच्या पहिल्या आठवड्यात जायचं असेल, तर शरावती एक्स्प्रेसची आणि उटी-कुन्नूर गाडीची तिकिटं काढायला मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसावं लागेल. आणि त्याआधी आत्याला फोन करून तिच्या मुलांच्या परीक्षा कधी संपतात, हे विचारून घ्यावं.